मधला तुकडा

'फिलँथ्रोकॅपिटलिस्ट' हा शब्द नेस्टा ब्रॅमली आणि तिची जाऊ एडना या दोघींनी जन्माला घातला, हे मंगळवारी दुपारी निर्विवाद सिद्ध झालं. शब्दकोशाच्या दप्तरी मात्र असं काहीही घडलेलं नाही.

चर्चच्या हॉलमध्ये नेस्टा बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी एडना चहाचा कप घेऊन. शब्दकोशाकडून आलेल्या क्रिस्पिन फॉलीने वही उघडली. शुक्रवारी या शब्दाची नोंद बंद होणार होती. मग शब्द कुणा पत्रकाराच्या नावावर लागला की लागला.

"आजी, हा शब्द पहिल्यांदा कधी लिहिलात?"

"लिहिला नाही रे. आयसिंगने काढला."

गालिच्यांच्या गिरणीच्या मालकाने हॉलला छप्पर घालून दिलं, म्हणून केक केला होता. त्यावर 'फिलँथ्रोपिस्ट' हवं, दानशूर, असं नेस्टाचं म्हणणं. एडना म्हणाली, त्याच्या कामगारांना पगार विचारा आणि 'कॅपिटलिस्ट' लिहा, भांडवलदार. कुणीच हटेना. नेस्टा डावीकडून सुरू झाली. एडना उजवीकडून, शेवटच्या अक्षरापासून उलटी. मध्ये दोघींच्या आयसिंगच्या पिशव्या धडकल्या आणि दोन शब्दांचा एक झाला.

"हिने ढकललं," एडना म्हणाली.

"उलटं लिहिणारीला काय कळतंय कोण ढकलतंय!"

"आणि मालक?" क्रिस्पिनने विचारलं.

"तीनदा वाचलं त्याने. म्हणाला, हो, हाच मी. आणि रडला."

"मग पगार वाढवला?"

"छे. आणखी एक तुकडा मागितला."

मधल्या तुकड्याला मात्र सुरी लावायला कुणी धजलं नव्हतं. नेस्टाने झाकण काढलं. केक टिकावा म्हणून दर नाताळला त्याला पाजलेल्या चमचाभर ब्रँडीचा वास हॉलभर पसरला. काळ्याभोर केकवर पिवळी पडलेली अक्षरं होती: 'थ्रोकॅपि'. खाली साखरेतच साल. पत्रकाराच्या छापील पुराव्याहून सात वर्षं जुनं. कुणाची साखर कुठे संपली, ते नेस्टालाही सांगता येईना.

क्रिस्पिन उभा राहिला. एडनाचा कप ओठांपाशीच थांबला.

"शब्द जन्मताना कुणाला दिसत नाहीत, आजी," तो हळूच म्हणाला. "आम्हाला सापडतात ते मोठे झालेले."

पुरावा सार्वजनिक ग्रंथालयात असावा, असा शब्दकोशाचा नियम होता. त्याने तिथेच अर्ज लिहिला. नेस्टाने डावीकडून सही केली, एडनाने उजवीकडून.

'मा. ग्रंथपाल, राष्ट्रीय ग्रंथालय, यांस. सोबतचा केकचा तुकडा (नग एक) दुर्मीळ ग्रंथांत दाखल करून त्यास क्रमांक द्यावा. वाचकांस तो केवळ पाहण्यास द्यावा. तसेच दर नाताळला ब्रँडीचा एक चमचा कायमस्वरूपी मंजूर व्हावा, ही नम्र विनंती. शुक्रवारपूर्वी.'