सतरा थोबाडीत

उनाड पोरगा फौजेत जाऊन माणूस होतो, अशा सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. घरी 'खायला काळ आणि भुईला भार' ठरलेला एक तरुण, भाड्याच्या वर्दीत गर्दीतला शिपाई म्हणून उभा होता.

हिरोने त्याच्या थोबाडीत मारायची, एवढाच प्रसंग. पहिलाच टेक दिग्दर्शकाला पसंत पडला, पण हिरो हसत म्हणाला, "छान झालं, पण मजा नाही आली. अजून एकदा!" असं करत सतरा वेळा मारली. सगळा सेट खिदळत होता.

गाल भोपळ्यासारखा सुजला. वर्दी परत करायला मात्र त्याचा जीव होईना. दुसऱ्याच दिवशी तो खऱ्या भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

सहा वर्षांनी सिनेमाचा दुसरा भाग निघाला. 'खरा सराव' करायला हिरो कॅमेरे घेऊन छावणीत आला. सराव घेणाऱ्या उस्तादाचा चेहरा काही त्याला आठवला नाही. उस्तादाच्या गालाला मात्र तो हात चांगलाच आठवत होता.

काटेरी तारेखालच्या चिखलातून कोपरांवर सरपटत हिरो कसाबसा पलीकडे पोचला. "जमलं ना, उस्ताद?"


"छान झालं, साहेब, पण मजा नाही आली. अजून सोळा वेळा!"