बिनआवाजाची झडप

लपाछपीत भालचंद्रआजोबांचा कधीच निभाव लागायचा नाही. ते कुठंही लपले तरी त्यांच्या हृदयातली धातूची झडप टिकटिकत राहायची, आणि त्यांची नात मिहिका कान देऊन थेट त्यांच्यासमोर उभी राहायची.

आज मात्र अख्खं घर धुंडाळून ती दमली आणि स्वयंपाकघरात आली.

"आजी, आजोबांचा आवाजच येत नाहीये!"

अळूच्या भाजीत फिरणारा कुमुदआजींचा हात थांबला. इतकी वर्षं त्या टिकटिकीवरच त्यांचा जीव टांगलेला होता. क्षणभर त्यांनीही कान टवकारले. मग आठवलं, आणि त्या स्वतःवरच वैतागल्या.

"कसा येईल? ती जुनी झडप काढली ना गेल्या महिन्यात! आता आजोबांच्याच पेशींपासून वाढवलेली बसवलीय. रक्त पुढं गेलं की ती मिटते, मागं फिरू देत नाही. पण मिटताना आवाज करत नाही."

"मग त्यांना शोधायचं कसं?"

"डोळ्यांनी. बाकीची मुलं शोधतात तसं."

"हा रडीचा डाव आहे!" मिहिकानं गाल फुगवले. तेवढ्यात तिच्यामागच्या दाराआडून एक हात आला आणि तिच्या पाठीवर पडला.

"धप्पा!" आजोबा आनंदानं ओरडले. "पुन्हा तुझ्यावरच राज्य!"

कुमुदआजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शेगडी बंद केली आणि पदर खोचला.

"मिहिका, डोळे मीट," त्या म्हणाल्या. "या डावात मीपण लपणार आहे."