बॉनेटमागची ठिणगी

बंद गाड्या तळघरातून उचलून नेणार, असं बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीनं कळवलं होतं. ह्यांची जुनी गाडी आज सुरू व्हायला हवी होती. ठिणगी तपासायला दोघं लागतात. हे होते तेव्हा चावी मी फिरवायचे, बॉनेटमागून हे ओरडायचे, “आली.” मला ती कधी दिसली नाही. आता चावीपाशी वॉचमन पिराजी बसला. ह्यांच्या बडबडीतून शिकले होते तसे ठिणगी पाडणारे काळवंडलेले पॉइंट घासले, प्लगची वायर काढून फडक्यात धरून इंजिनाजवळ नेली. “फिरव.” निळी, एवढीशी ठिणगी उडाली. “आली,” मी म्हणाले. “काय आली, अक्का?” पिराजीनं आतून विचारलं. वायर बसवली. पुढच्या चावीला इंजिन घरघरलं. “आता कोण नेतंय ओ,” म्हणत पिराजी गेटकडे गेला. मी बॉनेट लावून डावीकडे जाऊन बसले, इंजिन सुरू झालं की हे हात पुसून येईपर्यंत मी सरकून बसायचे तशी. उजवं दार उघडंच होतं.