एका सामन्याचा फोटो

भोरच्या वेशीबाहेरच्या माळावर मौलालीच्या चार पिढ्या पुरलेल्या होत्या. सरकारी उताऱ्यावर मात्र तो माळ 'पडीक' होता, आणि कबरस्तानाचा पुरावा दिल्याशिवाय तिथे यापुढे दफन होणार नव्हते. घरात त्याच्या आजारी बायकोने, खातूनने, अन्न सोडले होते.

त्याच आठवड्यात, १९९८ साली, विलायतेहून एक पाहुणा आपल्या पणजोबांचे चरित्र लिहायला आला. पणजोबा राणीच्या काळात एक पैही न घेता विलायतेच्या संघाकडून रग्बी खेळले आणि पुढे धरणाच्या मोजणीवर इंजिनिअर म्हणून इकडे आले. त्यांचा प्रत्येक सामना, मोडलेली प्रत्येक बरगडी तारखेनिशी नोंदलेली होती. १८९१ चा एक फोटोही होता. त्यात याच माळावर गोरे साहेब चेंडूमागे धावत होते आणि त्यांच्या बुटांखाली कबरींच्या शिळा स्वच्छ दिसत होत्या.

पाहुण्याने दिलेली प्रत मौलालीने खातूनला दाखवली. "बघ, ह्यो दगड माझ्या खापरपणजोबांचा! साहेबानं आपलं काम केलं."

"मग मला हितंच ठेवा," ती क्षीण हसली. "लांब नेलंत तर भेटायला तुमचे गुडघे येतील व्हय?"

कचेरीतल्या अधिकाऱ्याने फोटो बराच वेळ भिंगाखाली धरला. "चाचा, याहून पक्का पुरावा मी पाहिला नाही," तो मनापासून म्हणाला आणि त्याने शेरा लिहिला.



'पूर्वापार वापर : क्रीडांगण. दफनास परवानगी नाकारली.'