इंगोलेवर झालेला अन्याय

प्रल्हाद इंगोलेचा सत्कार आटोपला आणि तो चक्क काळमेघ मास्तरांच्या शेजारी येऊन चहा पीत बसला.

अकोल्याचा हा बॉक्सर राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हरला, तेव्हापासून मास्तर सगळ्यांना सांगत आले होते की पंचांनी त्याला लुबाडलं. "पोरगा चांगला आहे, पण थोर नाही," असं सख्खा भाऊ म्हणाला, तेव्हा त्यांनी भावाशी बोलणंच टाकलं. भाऊ वारला तरी ते त्याच्या दारात गेले नाहीत.

"त्या लढतीत तुमच्यावर अन्याय झाला ना?" मास्तरांनी धीर करून विचारलं.

"छे हो काका!" इंगोले मनापासून हसला. "त्यानं मला धू धू धुतलं. मला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी हवी होती, ती लागली. बस्स."

"पण तुम्ही रिंगमध्ये रडला होतात!"

"नाकावर ठोसा बसला की डोळ्यांतून पाणी येतंच."

मास्तर चहा तसाच ठेवून उठले. घरी पोचताच बायकोनं उत्सुकतेनं विचारलं, "भेटले का हो तुमचे इंगोले?"

"नाही," मास्तर म्हणाले. "दुसराच कुणी आला होता."