फोन झाल्यावरच कात्री

मॅचिंग सेंटरच्या शेठनी खणाचं जांभळं कापड मोजलं, शैलजानं कार्डानं पैसे भरले, आणि शेठ हातात कात्री धरून थांबले. ही त्यांची सवयच होती. शैलजा नर्स होती, पगार तिचा होता, पण बँकेचे मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर जायचे. पैसे गेले की मिनिटाभरात त्याचा फोन यायचा, "कसले एवढे? परत कर." एकदा कापड कापून झाल्यावर असा फोन आला. तिनं रडवेल्या चेहऱ्यानं ते परत केलं आणि तुकडा शेठच्या गळ्यात पडला. तेव्हापासून फोन झाल्याशिवाय ते कात्री चालवत नसत.

आज बँकेचा मेसेज तिच्याच पर्समध्ये टिंग करून आला. सकाळीच बँकेत जाऊन तिनं खात्याला स्वतःचा नंबर लावून घेतला होता. तरी फोन वाजलाच. नवऱ्याचा. शैलजाचा हात नेहमीसारखा कापड शेठकडे परत सारायला गेला. नंबर बदललाय हे हाताला कुठे ठाऊक! शेठ कापडाची घडी घालायला लागले.

"हं... बरं... आणते," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

"परत ना, ताई?"

"नाही. येताना कोथिंबीर आणायला सांगितलीय." तिनं घडी पुन्हा उलगडली आणि त्यांच्यापुढे सरकवली. "कापा."