हात सोडून सगळं

प्रणयच्या पडद्यावर आईचा चेहरा इतका स्वच्छ होता की भुवईवर चिकटलेली वाळूही दिसत होती. हातांच्या जागी मात्र नुसता तपकिरी धूर.

“बापूस खंय रवलो, ता आवशीक विचार रे,” निवाऱ्यातून फोन धरून बसलेले रेवंडकरकाका म्हणाले. “खाडीपलीकडे बोट दाखवता, पण थंय गाव भरून घरां आसत. होडी थांबली हा.”

आई जन्मापासून मुकी-बहिरी. शाळा नाहीच. तिच्या खुणा घरच्या, नवऱ्याला आणि मुलालाच कळणाऱ्या. नवरा पलीकडे नेमका कुठे अडकलाय, ते फक्त तिलाच ठाऊक. आणि मुलगा जहाजावर, आफ्रिकेजवळ.

वादळाने मोबाइलचे मनोरे पाडल्यावर सगळा किनारा एकाच उपग्रहावरून बोलत होता. गर्दी झाली की तो वरच्या वर प्रत्येक चित्र हलकं करी. चेहरा आणि आवाज जपायचा, भराभर हलणारं पुसट करायचं. माणसं तोंडाने बोलतात, असंच त्याला शिकवलं होतं.

“काका, फोन मागे धरा. हात दिसत नाय.”

काकांनी धरला. पण मुलाला समजत नसलं की आई नेहमी त्याच्या तोंडाजवळ यायची, तशी ती फोनकडे पुढे सरकली. उपग्रहाने तिचा चेहरा आणखी उजळ केला. प्रणयने ‘हळू’ अशी खूण केली. तिकडे त्याच्याही हातांचा धूर झाला.

“समाजला काय?”

“नाय, काका.”

पाणी चढत होतं आणि दुसऱ्या वाडीतही माणसं अडकली होती. होडी तिकडे निघालेली आईने पाहिली. तिने हात मांडीवर ठेवले.

हात थांबताच उपग्रहाने ते अगदी स्पष्ट पाठवले.